ती स्वस्थ बसली आहे

टॅरंटुला पाळणारी माणसं मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात. "दिवसभर एका जागी बसून असते. हलत नाही, खात नाही. काही बिघडलंय का हो?" गेली सतरा वर्षं हा प्रश्न मी फोनवर ऐकलाय, पत्रांतून वाचलाय, एकदा तर सांगलीत लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरच्या मुलाने श्रीखंड वाढून घेता घेता विचारलाय. माझं उत्तर जवळजवळ दरवेळी तेच असतं. काही बिघडलेलं नाही. ती स्वस्थ बसली आहे.

हे उत्तर ऐकून समाधान झालेला माणूस मी क्वचितच पाहिला. आपल्याला प्राणी म्हटला की कुत्रं किंवा मांजर आठवतं. ते गप्प राहिलं, जेवणावरून उठलं, की घरात काळजी सुरू होते, आणि ती योग्यच असते. तोच हिशेब आपण काचेच्या पेटीतल्या आठ पायांच्या जिवाला लावतो. मग तिला हलवून बघतो, पेटीची जागा बदलतो, पाणी शिंपडतो, एकाच्या जागी चार किडे सोडतो. दुखणं नसतं तिथे आपण दुखणं तयार करतो. माझ्या माहितीतल्या जितक्या टॅरंटुला दगावल्या, त्यातल्या बऱ्याचशा दुर्लक्षाने नाही, अशा काळजीने दगावल्या. हे पुस्तक लिहायला बसले ते त्यासाठी.

आमच्याकडची ठकू २००७ च्या ऑगस्टमध्ये घरी आली. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात येऊन आम्हाला वर्ष झालं होतं आणि मुलगा नऊ वर्षांचा होता. त्याला कुत्रा हवा होता, आमच्या भाड्याच्या घरात कुत्र्याला मनाई होती. शेवटी पाळीव प्राण्यांच्या एका दुकानातून चिली रोझ जातीची मादी आणली. त्या काळी चिलीच्या रानातून पकडलेल्या अशा माद्या अमेरिकेतल्या दुकानांत अगदी स्वस्त मिळत. रानातून पकडलेली म्हणजे काय, हे तेव्हा आम्हाला उमगलं नव्हतं, त्याबद्दल पुढे लिहिते. दुकानदाराने चार सूचना दिल्या. पाण्याच्या वाटीत स्पंज ठेवा, कोळ्याला उघड्या वाटीतलं पाणी पिता येत नाही. तळाला वाळू घाला. विजेवर तापणारा दगड ठेवा, तिला ऊब लागते. आणि रोज हातावर घ्या म्हणजे माणसाळेल. चारही सूचना चुकीच्या होत्या. स्पंजात घाण साचते, आणि टॅरंटुला उघड्या वाटीवर तोंड टेकून उत्तम पाणी पिते. कोरड्या वाळूत बीळ टिकत नाही. तापलेला दगड तिचं अंग सुकवतो, भाजूही शकतो. आपल्याला बरं वाटतं तेवढं घरातलं तापमान तिला पुरतं. राहता राहिलं माणसाळणं. टॅरंटुला माणसाळत नाही. फार तर एखाद्या स्पर्शाला प्रतिकार करायचं सोडून देते.

आज ठकूच्या पेटीत पाच-सहा इंच ओलसर दाबलेला नारळाचा भुसा आहे, कोपऱ्यात अर्धी करवंटी उपडी घातली आहे आणि पाण्याची एक उथळ वाटी आहे. भुश्यापासून झाकणापर्यंतची उंची तिच्या पसरलेल्या पायांच्या दीडपटीहून जास्त नाही. या शेवटच्या मापाला इतकं महत्त्व का, तेही पुढे येईल. सगळा संसार एवढाच.

टॅरंटुला हे नाव तिचं नव्हेच. दक्षिण इटलीत तारान्तो नावाचं बंदराचं गाव आहे. तिथल्या शेतांत एक धावरा कोळी असतो. तो चावला की माणसाला वेड लागतं, आणि बेभान नाचल्याशिवाय विष उतरत नाही, अशी समजूत तिथे शतकानुशतकं होती. त्यातूनच तारान्तेल्ला हे नृत्य आलं असं सांगतात. युरोपातली माणसं अमेरिकेत गेली, तिथे त्यांना तळहाताएवढे केसाळ कोळी दिसले आणि त्यांनी गावाकडचं नाव त्यांना चिकटवलं. थेराफोसिडी या कुळातल्या हजाराहून अधिक जातींना आज आपण टॅरंटुला म्हणतो, आणि ज्याच्यावरून हे नाव आलं तो इटलीतला कोळी या कुळात नाहीच.

नावापाठोपाठ बदनामीही आली. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकर्ती सुरिनामला जाऊन राहिली, आणि तिथल्या किड्यांवरच्या १७०५ सालच्या तिच्या ग्रंथात पेरूच्या फांदीवर पक्षी खाणारा एक मोठा कोळी तिने रंगवला. लिनीयसने १७५८ मध्ये त्या जातीला पक्ष्यांवरूनच अविक्युलॅरिया असं नाव दिलं. पुढे शंभरेक वर्षं मोठमोठे विद्वान मेरियनला खोटं ठरवत राहिले. मग अमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षं काढलेल्या हेन्री वॉल्टर बेट्सने १८६३ च्या आपल्या पुस्तकात असं दृश्य स्वतः पाहिल्याचं लिहिलं, आणि बाईचं म्हणणं खरं ठरलं. त्याच पुस्तकात बेट्सने आणखी एक दृश्य टिपलंय, आणि मला पक्ष्यापेक्षा त्याचं अप्रूप जास्त आहे. तिथल्या आदिवासींची मुलं अशा एका मोठ्या कोळ्याच्या कमरेला दोरी बांधून त्याला कुत्र्यासारखी घरात फिरवत होती. टॅरंटुला पाळण्याची याहून जुनी हकिगत माझ्या वाचनात नाही.

आता पेटीकडे वळू. टॅरंटुलाला आठ डोळे असतात, पण डोक्यावरच्या एका लहानशा उंचवट्यावर दाटीवाटीने बसलेल्या त्या डोळ्यांना उजेड-अंधार आणि हलणारी सावली यापलीकडे फारसं दिसत नाही. तिचं जग स्पर्शाचं आहे. पायांवरचे बारीक केस जमिनीची थरथर आणि हवेची हालचाल टिपतात. मातीत खुरडणाऱ्या किड्याचं पाऊल तिला कळतं, तसं आपल्या मिक्सरचं, कपडे धुण्याच्या यंत्राचं, आपटलेल्या दाराचंही कळतं. ती बिळाच्या तोंडाशी तासन्‌तास बसते तेव्हा तिचं सगळं लक्ष पायांत असतं. शिकारीमागे धावण्यात ती ताकद घालवत नाही, शिकार पायापाशी येईपर्यंत थांबते. म्हणून तिला फार कमी खाऊन फार दिवस जगता येतं. मोठ्या मादीला आठवड्या-दोन आठवड्यांतून एखादा रातकिडा किंवा झुरळ रग्गड होतं.

उपासाचंही तसंच. चिली रोझ तर उपासासाठी प्रसिद्धच आहे. २०१२ मध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे राहायला आल्या, त्याच्या थोडं आधी ठकूने खाणं सोडलं होतं. मी दर शुक्रवारी एक रातकिडा सोडायची, शनिवारी तो तसाच बाहेर काढायची, आणि दर शनिवारी माझा चेहरा उतरलेला असायचा. सासूबाईंनी पहिले आठ दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. नंतर खुर्ची ओढून लांबून बघत बसू लागल्या. श्रावणापर्यंत ठकूची पाण्याची वाटी भरायचं काम त्यांनी माझ्याकडून मागून घेतलं. एके शनिवारी मी पुन्हा चिमटा घेऊन उभी राहिले तेव्हा म्हणाल्या, "अगं, तिचा चातुर्मास चाललाय. पाणी पितेय ना, मग कशाला तिला छेडतेस?" मी पाच वर्षं पुस्तकं वाचून जे शिकले नव्हते ते त्यांनी नुसतं बसून पाहून ओळखलं होतं. पोट गोल आहे, पाणी पिते आहे, पाय अंगाबाहेर मोकळे पसरलेले आहेत, तोवर उपासाची काळजी करू नये. त्या वेळचा उपास अकरा महिन्यांनी सुटला. सुटला तेव्हा तिने पायापाशी आलेला रातकिडा असा उचलला की आदल्याच दिवशी जेवली असावी.

उपासाचं एक कारण मात्र प्रत्येक पाळणाऱ्याला ओळखता आलं पाहिजे, ते म्हणजे कात टाकणं. नवा माणूस सगळ्यात जास्त घाबरतो तो इथे. मीही घाबरले होते, आणि ती रात्र जशीच्या तशी सांगणं मला गरजेचं वाटतं.

२००८ चा मार्च होता. ठकूने दोन महिने काही खाल्लं नव्हतं. पोटाच्या मागच्या बाजूला केस उडून टक्कल पडलं होतं. ती गुलाबीसर कातडी आठवड्याभरात काळपट, मग जवळजवळ काळी झाली. आतून नवे केस तयार होऊन जुन्या कातडीतून दिसू लागले की असा रंग येतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. रात्री साडेदहाला दिवा लावला तर ती पाठीवर उताणी पडलेली, आठही पाय वर. मुलगा झोपला होता. नवरा म्हणाला, गेली वाटतं, त्याला सकाळी सांगू. मी झाकण उघडलं आणि चिमट्याने तिला सुलटी करायला हात आत घातला. तेवढ्यात लक्षात आलं की तिच्याखाली भुश्यावर पांढऱ्या धाग्यांची दाट चादर विणलेली आहे. मरणारा जीव स्वतःसाठी अंथरूण घालत नाही, एवढं माझ्या मनाने घेतलं आणि हात मागे आला. तो हात तिच्यापर्यंत पोचला असता तर कदाचित मीच तिला मारलं असतं, कारण त्या अवस्थेत तिचं अंग ओल्या कागदासारखं मऊ असतं.

पेटीच्या कोपऱ्यात दोन दिवसांपूर्वीचा एक रातकिडा अजून फिरत होता. तो मात्र मी काढून घेतला. त्या रात्री केलेलं बरोबर काम तेवढं एकच. कात टाकणाऱ्या टॅरंटुलाला भुकेला रातकिडा कुरतडून मारू शकतो.

मग मी दिवा मंद केला आणि बसून राहिले. बाराच्या सुमारास पाठीवरच्या कवचाची कड फाटली आणि कवच डब्याच्या झाकणासारखं उचकटून बाजूला झालं. नंतर पाय. ती ते ओढत नव्हती. सगळं अंग ठरावीक लयीत आकसत होतं, सैल होत होतं, आणि दर आकसण्याला पाय जुन्या पायांतून केसभर बाहेर सरकत होते, घट्ट मोज्यातून पाय काढावा तसे. अडीच वाजता ती पूर्ण सुटी झाली आणि कुशीवर पडून राहिली. शेजारी तिचीच दुसरी आकृती, पोकळ. नव्या ठकूचा रंग इतका ताजा होता की दुकानातून आणलेली ती हीच यावर विश्वास बसेना. तिचे विषदंत पांढरेशुभ्र होते, दुधाच्या दातांसारखे. पुढच्या दिवसांत ते लालसर झाले आणि मग काळे. दंत काळे होईपर्यंत तिला खायला द्यायचं नसतं, कारण मऊ दातांनी ती चावायला गेली तर दात मोडू शकतात. मोठ्या मादीला मी पूर्ण दोन आठवडे देते.

सकाळी मुलाला उठवून ती कात दाखवली. ओली असतानाच अलगद उलगडली तर तिच्यात खूप काही वाचता येतं. पोटाच्या खालच्या बाजूला पांढरे चार ठिपके दिसतात. ती पुस्तकाच्या पानांसारख्या थरांच्या फुप्फुसांची अस्तरं असतात. टॅरंटुला कात टाकते तेव्हा नुसती बाहेरची कातडी टाकत नाही. फुप्फुसांचं अस्तर, तोंडाचं अस्तर, शोषून घेणाऱ्या जठराचं अस्तर, विषदंत, सगळं बाहेर येतं. मादीच्या कातीत बीज साठवण्याची पिशवीही सापडते, आणि नर-मादी ओळखायची खात्रीची रीत तीच आहे. तुटलेला पायही एक-दोन कातींनंतर परत उगवतो. ठकूची ती पहिली कात मुलाने बुटांच्या खोक्यात जपून ठेवली. तो आता कोलोरॅडोत नोकरी करतो, खोकं त्याच्याबरोबर गेलं.

उताणी पडलेली टॅरंटुला बहुधा कात टाकत असते. मरायला टेकलेली तशी दिसत नाही. ती सुलटीच असते आणि तिचे पाय पोटाखाली गोळा होतात, मिटलेल्या मुठीसारखे. हे असं का होतं, ते एकदा नीट कळलं की पुन्हा गोंधळ होत नाही. कोळ्याच्या पायांत मुख्य सांधे वाकवायला स्नायू असतात, सरळ करायला नसतात. पाय पसरतो तो अंगातल्या द्रवाच्या दाबाने, जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने लांब होतो तसा. अंगातलं पाणी घटलं की दाब उतरतो आणि पाय आपोआप आत वळतात. म्हणून असे गोळा झालेले पाय दिसले की आधी पाण्याचा विचार करावा. वाटी कोरडी पडली असेल, तर तिचं तोंड उथळ पाण्याच्या कडेला अलगद टेकवून ठेवल्याने वाचलेल्या टॅरंटुला मी पाहिल्या आहेत. न वाचलेल्याही पाहिल्या आहेत.

झाकणाच्या उंचीचं कारणही अंगातला हा द्रवच. टॅरंटुलाचं पोट म्हणजे पातळ कातडीची भरलेली पिशवी. जमिनीवर राहणारी जात हातातून किंवा उंच पेटीच्या छतावरून पडली तर ती पिशवी फुटते आणि त्यावर उपाय नसतो. म्हणून तिला हातावर घेऊ नये, हे माझं मत या पुस्तकात तुम्हाला जागोजागी दिसेल. पुष्कळ अनुभवी माणसं हातावर घेतात, त्यांच्याशी मी वाद घातले आहेत. हातावर घेतलेल्या टॅरंटुलाला त्यातून काय मिळतं, या माझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

हातावर न घेण्याचं दुसरं कारण आपल्या बाजूचं. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतल्या बहुतेक जातींच्या पोटावर खाजरे केस असतात. भीती वाटली की त्या मागच्या पायांनी पोट भराभर घासतात आणि केसांचा धूर समोर उडवतात. कोकणात वाढलेल्या माणसाला खाजकुयली सांगावी लागत नाही. कुयलीच्या शेंगेला हात लागल्यावर जे होतं तेच इथे होतं, फक्त हे केस डोळ्यांतही जातात आणि त्यांना काटे असतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात २०१० च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या लीड्सच्या एका तरुणाची हकिगत आली होती. चिली रोझची पेटी घासताना तिने केस उडवले, ते त्याच्या डोळ्याच्या बुबुळात रुतले आणि पुढे महिनोन्‌महिने उपचार चालले. पेटी साफ करताना चष्मा लावा, आणि त्या हाताने डोळे चोळू नका. केस उडवले म्हणून ती रागीट आहे असं मात्र समजू नये. पुढचे पाय वर करून दात दाखवत उभी राहते तेव्हाही ती आपल्याला फक्त लांब राहायला सांगत असते. आशिया-आफ्रिकेतल्या जातींना हे केस नसतात, त्या जास्त चपळ असतात आणि त्यांचं विष जास्त त्रासदायक असतं. झाडावर राहणाऱ्या आपल्या पोएसिलोथेरियाच्या दंशाने स्नायूंत असे पेटके येतात की ते पुढे दिवसेंदिवस उलटत राहतात. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये.

नर घेतला असेल तर त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती आधीच माहीत असलेली बरी. शेवटची कात टाकून नर वयात येतो तेव्हा त्याचे पाय लांब होतात, पुढच्या हातांसारख्या अवयवांच्या टोकांना फुगीर बोंडं येतात, बहुतेक जातींत पुढच्या पायांवर आकडे दिसू लागतात. एका रात्री तो धाग्यांचा छोटा तंबू विणतो, त्यावर बीज सोडतो आणि ते बोंडांत भरून घेतो. मग वर्षानुवर्षं करवंटीत बसलेला तो प्राणी रात्ररात्र भिंती चढू लागतो, खाणं टाकतो, वाळत जातो. लोक घाबरून विचारतात, याला काय झालं? तो मादी शोधतो आहे. त्याच्याकडे आता थोडे महिने उरले आहेत, फार तर वर्ष-दीड वर्ष. मादी त्याच घरात वीस वर्षं जगू शकते.

हे मला पेटीत पाहण्याआधी रस्त्यावर पाहायला मिळालं. टूसॉनच्या वाळवंटालाही मॉन्सून आहे, त्याला तिथे मॉन्सूनच म्हणतात, आणि जुलैत पहिल्या सरी पडल्या की संध्याकाळी अफोनोपेल्मा चाल्कोडेस जातीचे नर बिळं सोडून चालायला लागतात. आठ-दहा वर्षं जमिनीखाली वाढलेला नर आयुष्यात पहिल्यांदाच मोकळ्यावर येतो. मी गाडी थांबवून दिवे लावून एकाला रस्ता ओलांडू दिला आहे. पायाला पाय न अडकवता, सावकाश, एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा तो चालत गेला. मादी तिच्या बिळात असते, दिवसा तोंडावर धाग्यांचा पातळ पडदा ओढून. ती कुठेही जात नाही. अमेरिकेतल्या या अफोनोपेल्मा वंशाचा २०१६ मध्ये नव्याने अभ्यास झाला तेव्हा एकूण २९ जाती ठरल्या, त्यातल्या १४ विज्ञानाला नव्या होत्या. कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगाजवळ सापडलेल्या काळ्या जातीला जॉनी कॅश या गायकाचं नाव दिलं गेलं. रोज लोकांच्या पायांखाली असलेल्या जिवांची आपली ओळख किती अलीकडची, ते यावरून कळावं.

एकाच जागी बसणाऱ्या मादीला किती आयुष्य मिळतं याची सगळ्यात मोठी नोंद टॅरंटुलाची नाही, तिच्या दूरच्या नात्यातल्या, झाकणाचं बीळ करणाऱ्या एका ऑस्ट्रेलियन कोळिणीची आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ पासून एका राखीव रानातली बिळं क्रमांक घालून पाहिली. सोळा क्रमांकाची मादी त्याच बिळात त्रेचाळीस वर्षं जगली. २०१६ मध्ये तिच्या बिळाचं झाकण भेदलेलं सापडलं. गांधीलमाशीच्या जातीतल्या एका परजीवी माशीने तिला संपवलं होतं. टॅरंटुलांचा असाच धीराने अभ्यास अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठात डब्ल्यू. जे. बेर्ग यांनी केला. त्यांचं १९५८ चं पुस्तक आणि शुल्ट्झ दांपत्याचं १९९८ चं पुस्तक नसतं तर मी ठकूला पहिल्या वर्षीच गमावलं असतं.

आता रानातून पकडण्याबद्दल. हे प्रकरण पुस्तकात शेवटी आहे, पण महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या वाचकाने ते आधी वाचावं अशी माझी इच्छा आहे. आपल्या सह्याद्रीत टॅरंटुला आहेत. झाडांच्या ढोलीत पोएसिलोथेरिया रेगालिस आहे, जमिनीत धाग्यांचे दाट बोगदे विणणारी चिलोब्राकिस फिम्ब्रिएटस आहे. या दोघींचं वर्णन लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ मध्ये केलं. त्याच वर्षी त्यांनी निळ्या रंगाच्या पोएसिलोथेरिया मेटालिकाचंही वर्णन केलं. तिचा नमुना आंध्रातल्या गुत्ती स्टेशनजवळच्या रेल्वेच्या लाकूडवखारीत मिळाला होता. त्यानंतर शंभर वर्षं ती कोणालाच दिसली नाही. २००१ मध्ये तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर, नंद्याळ आणि गिद्दलूरच्या मधल्या रानात ती पुन्हा सापडली. थोड्याच वर्षांत तिची पिल्लं युरोप-अमेरिकेतल्या पेट्यांत वाढू लागली. २००८ मध्ये निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघाने तिला अतिसंकटग्रस्त ठरवलं. आज ती जगभरच्या पाळणाऱ्यांकडे आहे आणि तिच्या स्वतःच्या रानातली जुनी, ढोलीची झाडं मात्र तुटत चालली आहेत. मला हे पाहून फार वाईट वाटतं. २०१९ मध्ये पोएसिलोथेरिया वंशाच्या सगळ्या जाती साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आल्या, म्हणजे त्यांचा देशांमधला व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. मेक्सिकोच्या लाल गुडघ्याच्या टॅरंटुलाला, जी सिनेमांतून आणि दुकानांतून जगाला माहीत झाली, असं संरक्षण १९८५ मध्येच मिळालं होतं, कारण तोवर ती रानातून हजारोंनी उचलली गेली होती. भारतात २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या परिशिष्टांतला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने त्याची नोंदणी करणं वन्यजीव कायद्याने आवश्यक आहे.

कायदा असो वा नसो, आंबोलीच्या किंवा माथेरानच्या वाटेवर दगडाखाली टॅरंटुला दिसली तर दगड होता तसा ठेवावा. वाढून वयात आलेली एक मादी उचलली की तिच्या पुढच्या कितीतरी वर्षांची अंडी उचलली जातात. पाळायचीच असेल तर पेटीत जन्मलेलं, कागदपत्रं असलेलं पिल्लू घ्यावं आणि ते वाढायला लागणारी वर्षं द्यावी. ठकू अशी नव्हती. ती चिलीतल्या कुठल्यातरी उतारावरच्या बिळातून आलेली आहे, आणि तिचं मूळ वय मला कधीच सांगता येणार नाही. तिला परत पाठवता येत नाही, म्हणून तिच्या उरलेल्या आयुष्यात तिला कमीत कमी त्रास व्हावा एवढंच मी बघते.

पुढची प्रकरणं मी वर्षाच्या क्रमाने लावली आहेत. पेटी, पाणी, खाणं, उपास, कात, पिल्लं, म्हातारपण. मधली दोन प्रकरणं फक्त "हे पाहिलं तर काय समजावं" अशा प्रश्नांची आहेत, ती रात्री अपरात्री उघडायला सोपी जावीत म्हणून वेगळ्या रंगाच्या कागदावर छापून घेतली आहेत. हस्तलिखित माझ्या मुलाने वाचलं, आणि कात टाकण्याच्या प्रकरणात मी घाबरले होते ते गाळू नकोस असा आग्रह धरला. सासूबाई आता नाहीत. पाण्याची वाटी मी अजून त्यांनी आणलेल्या पितळी तांब्यानेच भरते.

ठकूने दिवाळीनंतर काही खाल्लेलं नाही. पोटावरचं टक्कल या आठवड्यात काळं पडू लागलं आहे, आणि परवा रात्री तिने करवंटीच्या तोंडाशी भुसा लोटून दार लावून घेतलं.

टूसॉन, अ‍ॅरिझोना
माघ पौर्णिमा